पक्ष्याचं नाव चुकेल म्हणून पोस्ट अडली असेल, तर हा क्रम धरा

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्डाच्या प्रती काढायला आलेला माणूस काम झालं की हळूच खिशातून मोबाइल काढतो आणि माझ्यापुढे धरतो. तळ्याकाठचा किंवा बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कुठलातरी पक्षी असतो. "व्हॉट्सॲपच्या पक्षी-ग्रुपवर टाका ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तुम्हीच टाका भाऊ. माह्या नावानं नको. चुकलं तं लोकं हासतीन."

असे कितीतरी फोटो माझ्या नावावर ग्रुपवर गेले. ज्यानं पहाटे चिखलात उभं राहून पक्षी पाहिला त्याचं नाव कुठेच नाही, आणि दुकानात बसून पुढे पाठवणारा मी उगाच जाणकार ठरलो. म्हणून हा क्रम लिहून काढतोय.

लोक साधारण तीन प्रकारे फसतात. काही जण कधी काही टाकतच नाहीत. काही जण टाकतात, पण फोटोखाली एक अक्षर लिहीत नाहीत, म्हणजे चुकायला जागाच नको. तिसरे ठासून नाव लिहितात आणि कुणी चूक दाखवली की मेसेज पुसून गप्प होतात. तिघांचाही घोळ एकाच ठिकाणी होतो. "मी काय पाहिलं" आणि "मला तो काय वाटतो" या दोन गोष्टी ते एकाच वाक्यात बांधतात. मग नाव चुकलं की पाहिलेलंही खोटं पडल्यासारखं वाटतं. खालचे सगळे टप्पे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी आहेत. टप्पे उलटसुलट केले तर उपयोग होत नाही, हे अनुभवानं सांगतो.

## टप्पा १: भीती नेमकी कुणाची, ते लिहा

वहीचं शेवटचं पान उघडा आणि एका वाक्यात लिहा. "भीती वाटते" एवढं पुरत नाही. नाव चुकेल ही भीती वेगळी, शुद्धलेखनाची वेगळी, जुने जाणकार सर्वांसमोर बोलतील ही वेगळी आणि कुणी उत्तरच देणार नाही ही आणखी वेगळी. प्रत्येकीचा इलाज पुढे वेगळ्या टप्प्यात आहे.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिली भीती सांगतात, पण थोडं बोलतं केलं की तिसरी निघते. शहरातला माणूस सहज म्हणतो, "तुला तिथे ओळखतं कोण?" आमच्याकडे सगळेच ओळखतात. तालुक्याच्या ग्रुपमध्ये तुमचे शाळेतले गुरुजी असतात, बीटचा वनरक्षक असतो, सोयरेही असतात. रात्री चुकलात तर सकाळी पानठेल्यावर विषय निघतोच. म्हणून शहरी सल्ला इथे चालत नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक, पहिल्या चार-पाच नोंदी अनोळखी माणसांत टाका; आय-नॅचरॅलिस्टसारखी जागा (पक्षी-प्राण्यांच्या, झाडांच्या फोटोंची नोंद ठेवणारी वेबसाइट आणि ॲप) त्यासाठी बरी. दोन, तालुक्याच्याच ग्रुपवर टाकायचं असेल तर ग्रुपमधल्या एका ओळखीच्या माणसाला आधी समोरासमोर सांगून ठेवा, "आज संध्याकाळी एक फोटो टाकणार आहे, बघा." त्याला उत्तर मात्र सांगायला लावू नका. ग्रुपमध्ये आपलं एक माणूस आहे एवढं कळलं की हात कमी थरथरतो.

## टप्पा २: जागा निवडा आणि आठ दिवस नुसतं वाचा

व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर लवकर मिळतं, पण दुसऱ्या दिवशीच्या गुड मॉर्निंगखाली ते गाडलं जातं. आय-नॅचरॅलिस्टवर उत्तराला वेळ लागतो, पण नोंद टिकते, आणि तिथे नाव माहीत नसलं तर नुसतं "पक्षी" एवढंच लिहूनही नोंद टाकता येते. भित्र्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. ई-बर्ड ही वेबसाइट आणि ॲप पाहिलेल्या पक्ष्यांची यादी टाकण्यासाठी आहे. त्याकडे नवव्या टप्प्यात येऊ.

आठ दिवसांत वाचायचं ते असं. ग्रुपच्या सर्चमध्ये "चुकलं", "नाही, हा" किंवा "शिक्रा" (नेहमी घोळ होणारा एक छोटा शिकारी पक्षी) असं टाकून जुन्या दुरुस्त्या शोधा. चूक दाखवणाऱ्यानं खूण सांगितली की नुसती टर उडवली? ज्याची चूक निघाली तो पुन्हा काही टाकताना दिसतो का? तो कायमचा गप्प झाला असेल तर ती जागा पहिल्या पोस्टसाठी नव्हे. ग्रुपचे नियमही वाचा. बऱ्याच ठिकाणी घरट्यांचे फोटो चालत नाहीत.

इशारा: आठ दिवस म्हणजे आठच. "आधी नीट शिकतो, मग टाकतो" म्हणत तीन-तीन वर्षं नुसतं वाचणारी माणसं मला माहीत आहेत. नववा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

## टप्पा ३: तळ्यावर आधी वही, मग मोबाइल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि भीतीचं मूळही इथेच रुजतं. माणूस पक्षी दिसताच ॲप उघडतो, ॲप एक नाव दाखवतं, आणि मग डोळ्यांना त्या नावाच्याच खुणा दिसायला लागतात. घरी आल्यावर कुणी विचारलं, "पाय कसे होते?" की तोंडाला कुलूप.

पक्षी समोर आहे तोवर वहीत याच क्रमानं लिहा:

१. आकार. फूट-इंचात नको. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. दोघांच्या मधला असेल तर तसं.
२. चोच. लांब की आखूड, सरळ की वाकडी, रंग.
३. पाय. दिसले तर रंग आणि लांबी.
४. शेपूट. लांबी, पट्टे, हलवतो का.
५. काय करत होता, कुठे होता. पाण्यात, चिखलात, धुऱ्यावर, मोहाच्या शेंड्यावर.
६. रंग. सगळ्यात शेवटी.

रंग शेवटी का? उजेड फसवतो. पहाटे धुक्यात सूर्य समोर असला की मामा तलावावरचा (जुन्या मालगुजारी तळ्यावरचा) प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. आकार आणि चोच मात्र सावलीतही कळतात.

यानंतर एक ओळ हमखास लिहा: काय दिसलं नाही. "पाय दिसले नाहीत", "पोटाची बाजू दिसली नाही". माझ्या मते अख्ख्या नोंदीतली ही सगळ्यात मोलाची ओळ आहे. पांढऱ्या बगळ्यांचंच घ्या. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटं म्हणजे लहान बगळा, ही खूण बहुतेकांना पाठ असते. पण रोवणीच्या बांधीत बगळा घोटाभर चिखलात उभा असतो, तेव्हा बोटं दिसणार कुठून? "बोटं पिवळी नव्हती" आणि "बोटं दिसली नाहीत" यांत फार अंतर आहे. पहिलं वाक्य लिहिणारा चुकतो. दुसरं लिहिणारा बरोबरच असतो, मग पक्षी कोणताही निघो.

बगळ्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. चोच पिवळी असेल तर मोठा बगळा, मध्यम बगळा आणि गायबगळा या तिघांत घोळ होतो. डोळ्याखालून जाणारी तोंडाची रेघ डोळ्याच्याही मागे गेलेली दिसली तर तो मोठा बगळा. आखूड मानेचा, गुरांच्या पायाशी वावरणारा आणि उन्हाळ्याच्या शेवटी डोक्या-मानेवर केशरी झाक चढलेला तो गायबगळा. रेघ दिसली नसेल तर "पांढरा बगळा, पिवळी चोच" एवढ्यावर थांबा. ती अर्धवट नोंद नाही, पुरी आहे.

तपासा: वही बंद करण्यापूर्वी तारीख, वेळ आणि जागा लिहिली का? "काल सकाळी कुठेतरी" यावर कुणीच काही सांगू शकत नाही.

## टप्पा ४: फोटो आणि आवाज

सूर्य पाठीशी घ्या. पहिला फोटो लांबूनच काढा. जवळ जाईपर्यंत पक्षी उडाला तरी हातात काहीतरी राहतं. मग बाजूनं एक आणि उडताना एक. दुर्बिणीच्या काचेला मोबाइल लावून काढलेला धूसर फोटोही चालतो. ग्रुपवर सुंदर फोटोंची रांग बघून आपला टाकायची लाज वाटते, पण पक्षी ओळखणाऱ्याला खुणा लागतात. अस्पष्ट फोटोत चोच दिसत असेल तर तो कामाचा.

मोबाइलमधली "फोटो सुधारा" सोय वापरू नका. नवे मोबाइल अस्पष्ट जागी स्वतःच्या मनानं पिसं भरतात आणि नसलेल्या रेघा उमटतात. कापलेला फोटो पाठवला तरी मूळ जपून ठेवा.

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून एचडी निवडा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो जसाच्या तसा जातो, पण मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर काढल्याची नेमकी जागाही त्याच्यासोबत जाते. याचा धोका सहाव्या टप्प्यात सांगतो.

आवाज टिपताना अर्धा मिनिट अजिबात बोलायचं नाही. शेवटी जागा आणि वेळ तोंडानं सांगून थांबवा.

## टप्पा ५: घरी येऊन नाव शोधा आणि तीन कप्प्यांत टाका

आता ॲप उघडा, पुस्तक उघडा, काय हवं ते. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये आपल्या भागाचा पक्षी-संच एकदा उतरवून घेतला की टॉवर नसतानाही ते चालतं. पण ते सुचवतं, निकाल देत नाही. आवाजावरून ओळखताना तर फारच जपा. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. नवेगावच्या जंगलातला लांब पिसांचा भृंगराज तर अनेक पक्ष्यांचे आवाज काढतो. ॲपनं "शिक्रा" दाखवलं म्हणून शिक्रा पाहिला असं होत नाही.

नाव सापडलं की ते तीनपैकी एका कप्प्यात टाका:

- पक्कं: एकमेकींशी संबंध नसलेल्या किमान दोन खुणा जुळल्या आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पक्षी कोणता, तो का नाही, हेही सांगता येतं.
- बहुतेक: खुणा जुळतात, पण दुसरा पक्षी पुरता बाद करता येत नाही.
- माहीत नाही: वर्णन आहे, नाव नाही.

सुरुवातीला तुमच्या बहुतेक नोंदी मधल्या कप्प्यात असतील. असू द्या. पहिल्याच महिन्यात सगळं "पक्कं" लिहिणाऱ्याचीच मला काळजी वाटते.

दिसायला सारखा पक्षी शोधायचा म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या दोन जोड्यांवरून सांगतो.

सारस आणि राखी बगळा. गोंदिया-भंडाऱ्यात सारस आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून बांधीत उंच राखाडी पक्षी दिसला की "सारस!" अशी पोस्ट पडते. उभ्या सारसाची उंची जवळपास माणसाएवढी, डोकं आणि मानेचा वरचा भाग उघडा, लालभडक. राखी बगळा त्याच्या निम्म्याच्या आसपास. उडताना बगळा मान दुमडून घेतो, सारस सरळ पुढे ताणतो. उडतानाचा एक फोटो असेल तर भांडण तिथेच मिटतं.

शिक्रा आणि पावशा. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. दोघं कबुतराएवढे, पाठ राखाडी, पोटावर तांबूस झाक, शेपटीवर पट्टे. उडण्याची ढबही तशीच. पावसाच्या तोंडावर "पेर्ते व्हा" ओरडणारा पावशा मला आवाजानं बालपणापासून माहीत होता, पण गप्प बसलेला कधी नीट पाहिलाच नव्हता. चोच पाहायची असते. शिकारी शिक्र्याची आखूड आणि टोकाला आकड्यासारखी वाकलेली, पावशाची त्या मानानं सरळ. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, नखांचे. पावशाचे आखूड, पिसांत दडलेले. मी चोचही पाहिली नाही आणि पायही नाही. रंग पाहिला आणि "शिक्रा, पूर्ण वाढलेला नर" असं छातीठोक लिहून मोकळा झालो. "पूर्ण वाढलेला नर" हे शब्द अजून आठवले की कान गरम होतात.

इशारा: नाव फार दुर्मिळ निघालं तर आधी स्वतःवर संशय घ्या. मेळघाटात रानपिंगळा (एक दुर्मिळ, छोटं घुबड) आहे, हे खरं. पण गावच्या वडावर दिसणारा साधा ठिपक्यांचा पिंगळा असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. दुर्मिळ नाव "बहुतेक"च्या कप्प्यातच ठेवा आणि फोटो जोडल्याशिवाय टाकू नका.

## टप्पा ६: मजकूर आधी कागदावर लिहा

ग्रुपमध्ये थेट टाइप करत बसलात की हात थरथरतो, अर्धंच जातं. आधी वहीत लिहा, मग उतरवा. हे असं नको:

*"नमस्कार सर, मी अडाणी माणूस, काही चुकलं असेल तर क्षमा करा 🙏 हा कोणता?"*

क्षमा मागितल्यानं भीती कमी होत नाही. उलट वाचणारा पक्षी सोडून तुमची समजूत घालायला लागतो: "अहो असं म्हणू नका," "सगळेच शिकतात". दहा मेसेज पडतात, पक्ष्याचं नाव एकातही नसतं. नमस्कार जरूर करा, माफी चूक झाल्यावर मागा.

हे असं लिहा:

*"१२ जुलै, सकाळी पावणेसात. गावाबाहेरची बोडी (लहान तळं), अर्जुनी मोरगाव तालुका. आकार कबुतराएवढा. चोच बारीक, फारशी वाकडी नाही. शेपटीवर पट्टे. आंब्याच्या आतल्या फांदीवर बसून होता, पाच मिनिटांत एकदाही ओरडला नाही. पाठ राखाडी, पोट तांबूस. पाय पानांमुळे दिसले नाहीत. मला बहुतेक पावशा वाटतो, पण शिक्रा पुरता बाद करता येत नाही. या फोटोतल्या चोचीवरून सांगता येईल का?"*

यात नाव चुकलं तर फक्त एक वाक्य चुकेल, बाकी सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शेवटी प्रश्न एकच आहे आणि तो एका खुणेवर बोट ठेवतो. अशा प्रश्नाला "शिक्रा आहे, दिसत नाही का?" असं फाडकन कुणी म्हणत नाही. चोचीबद्दलच बोलावं लागतं.

भाषेचं म्हणाल तर घरी बोलता तशीच लिहा. "धुऱ्यावर बसून होता" हे सगळ्यांना कळतं. इंग्रजी नाव येत नसेल तर लिहू नका. गावचं नाव मात्र जरूर द्या, वर्णनासकट. कारण आमच्याकडे पाण्याशी दिसणाऱ्या तीन-चार वेगवेगळ्या पक्ष्यांना "पाणकोंबडी" म्हणतात. बोलून टाइप करत असाल तर पाठवण्याआधी एकदा वाचा. माझ्या मोबाइलनं "बगळा"चा "बंगला" केला होता आणि "बंगला चिखलात उभा आहे" हे वाक्य ग्रुपवर बरेच दिवस गाजलं.

इशारा, आणि यात सूट नाही: घरटं, अंडी, पिल्लं किंवा सारस, रानपिंगळा, घुबड यांची नेमकी जागा कधीच लिहू नका. तालुका पुरे. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतो. फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली की तो अंडी सोडून दूर होतो आणि शेतकऱ्याचं पीकही तुडवलं जातं. असा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका. आय-नॅचरॅलिस्टवर जागा धूसर करण्याची सोय आहे, ती वापरा. नावाची चूक दुरुस्त होते, जागा फुटली की परत झाकता येत नाही.

## टप्पा ७: पाठवा आणि मोबाइल घरात ठेवा

पाठवण्यापूर्वी मजकूर एकदा मोठ्यानं वाचा, मग पाठवा आणि तासभर दुसरं काम करा. निळ्या टिका मोजत बसू नका. उत्तर यायला वेळ लागला की मन लगेच ठरवतं, "हसत असतील". खरं तर कुणी गाडीवर असतं, कुणाच्या गावात टॉवर नसतो.

दोन दिवसांत कुणीच काही बोललं नाही तर नुसतं "??" टाकू नका. आपल्याच मेसेजला रिप्लाय करून एक नवी खूण द्या: "त्याच झाडावर आज पुन्हा दिसला, या वेळी पाय दिसले, पिवळे." नवी माहिती आली की लोक पुन्हा बघतात.

## टप्पा ८: चूक निघाली तर

निघणारच. आज नाही तर पाचव्या पोस्टला.

माझ्या त्या शिक्र्याचं पुढे काय झालं ते सांगतो. दहाव्या मिनिटाला एकानं दोनच शब्द लिहिले: "चोच बघा." मी चोच बघितली, घाम फुटला आणि मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला. व्हॉट्सॲपनं तिथे "हा मेसेज डिलीट केला" अशी पाटी लावली, म्हणजे ज्यांनी पोस्ट पाहिली नव्हती त्यांनाही कळलं की काहीतरी झालंय. दोन जणांनी फोन करून विचारलं. महिन्याभरानं कॉलेजातल्या एका पोरानं पावशाचाच फोटो शिक्रा म्हणून टाकला. माझी चूक आणि तिची दुरुस्ती तिथे राहिली असती तर सर्च केल्यावर त्याला सापडली असती. पुसून मी वाचलो नाहीच, त्यालाही अडकवलं.

आता मी असं करतो:

१. पाच मिनिटं काही लिहायचं नाही. रागाचं किंवा लाजेचं उत्तर याच पाच मिनिटांत जातं.
२. दाखवलेली खूण स्वतः फोटोत शोधायची. जाणकारानं सांगितलं म्हणून मान डोलवली तर पुढच्या वेळी तोच घोळ होतो.
३. दिसली तर तसं लिहायचं: "मान्य, पावशाच. चोचीकडे लक्षच गेलं नव्हतं." एवढंच. लांबलचक कबुली नको.
४. मूळ मेसेज राहू द्यायचा. व्हॉट्सॲपवर मेसेज बदलायला पाठवल्यापासून १५ मिनिटंच मिळतात, आणि चूक बहुतेकदा त्यानंतर कळते. दुरुस्ती रिप्लायमध्येच बरी. आय-नॅचरॅलिस्टवर आपलं आधीचं नाव मागे घेऊन नवं देता येतं. तिथे यात कुणाला वावगं वाटत नाही.
५. वहीच्या मागच्या पानावर "फसवे जोड" लिहायचे. शिक्रा–पावशा, सारस–राखी बगळा. हे पान भरत जातं तशी पुढच्या वेळी पाचव्या टप्प्यात बाद करायची नावं आपोआप आठवतात.

खूण शोधूनही दिसली नाही तर? विचारा: "मला चोच वाकडी दिसत नाही, कोणत्या फोटोत दिसते?" जाणकारही मोबाइलच्या छोट्या पडद्यावर घाईत बघत असतात आणि चुकतात. खुणेबद्दल विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. "तुम्हाला नक्की माहीत आहे का?" हे मात्र खुणेबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. ते लिहू नका.

कुणी खरंच टर उडवली तर एकदाच उत्तर द्या: "खूण सांगितली तर शिकेन." पुढे वाढलं तर ॲडमिनला खासगीत कळवा. ग्रुपवर वाद घालून कुणी पक्षी ओळखायला शिकल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि दुसऱ्याची चूक तुम्हाला दिसली, तर आधी खूण लिहा, मग नाव. माझ्यासारख्याला "चोच बघा" एवढं पुरतं, पण पहिल्यांदा टाकणाऱ्याला दोन शब्द जास्त द्या.

## टप्पा ९: पाच पोस्ट झाल्यावर ई-बर्डकडे वळा

इथे वेगळीच भीती भेटते: "आपल्या चुकीनं शास्त्रज्ञांची माहितीच खराब झाली तर?" ही भीती चांगल्या माणसाची आहे, पण तिला आवर घालता येतो.

ई-बर्डवर नाव पक्कं नसेल तर "बगळ्याची कुठलीतरी जात" असं लिहिण्याची सोय आहे. "लहान किंवा भारतीय पाणकावळा" अशी जोडनावंही आहेत. संख्या मोजली नसेल तर आकड्याऐवजी फुली टाकता येते. त्या भागात, त्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी किंवा फार मोठा आकडा टाकला की ॲप स्वतःच वर्णन मागतं, आणि स्वयंसेवक तपासनीस नंतर पडताळणी करतात. ती विचारणा आली की लोक घाबरून यादीच पुसतात. पुसू नका. तिसऱ्या टप्प्यातली वही उघडा आणि वर्णन लिहा. नोंद मान्य झाली नाही तरी ती तुमच्या यादीत राहते, सार्वजनिक नकाशावर येत नाही. यादी नंतर केव्हाही दुरुस्त करता येते.

नेहमीची एक चूक: "ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का?" या प्रश्नाला लोक "नाही" म्हणतात, कारण काही पक्षी त्यांना ओळखू आले नाहीत. पण प्रश्न ओळखता आलेल्यांबद्दल आहे. कावळा-साळुंकी न वगळता ओळखलेलं सगळं लिहिलं असेल तर उत्तर "हो".

माहिती खरी कशानं नासते याचं उदाहरण रानपिंगळ्याचंच आहे. रिचर्ड मायनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानं तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचं दाखवलं होतं. तो नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदललेला होता. ती नोंद बाजूला सारून १८८४ पर्यंतच्या खऱ्या नोंदींच्या भागात शोध घेतला, तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. तुमच्या नोंदीत तारीख खरी, जागा खरी आणि "पाय दिसले नाहीत" हेही खरं असेल, तर नाव कुणीही, कधीही दुरुस्त करू शकतं.

पहिल्या यादीसाठी फेब्रुवारीतली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही सगळ्यांसाठीची पक्षीगणना बरी. चार दिवस चालते, भारतात २०१३ पासून होते. एका जागी किमान १५ मिनिटं थांबून दिसेल ते मोजायचं. त्या दिवसांत नवखे इतके असतात की तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही.

## पहिली पोस्ट कशाची?

दुर्मिळ पक्ष्याची वाट बघू नका. ढोकरी घ्या, वंचक म्हणतात तोच. बांधीच्या धुऱ्यावर मातकट रंगाची, मान आखडून बसलेली असते आणि पाय टाकेपर्यंत दिसत नाही. उडाली की पंख एकदम पांढरेशुभ्र. पावसाळ्यात पाठ गडद तांबडी होते, म्हणून त्या दिवसांत तिला निराळाच पक्षी समजतात. बसलेली असताना एक आणि उडताना एक असे दोन फोटो काढा. उडतानाचा धूसर आला तरी तोच आधी टाका.